अर्धी गोळी

भोंगवली

चि. बाळास,
आत्याचा आशीर्वाद. जय ख्रिस्त.

रविवारी उपासनेनंतर पुण्याहून आलेल्या पाहुण्यानं तुझं फार कौतुक केलं. तरुण संघाच्या साउंड सिस्टीमला तू मोठी रक्कम दिलीस, दशमांश चुकवत नाहीस, सुट्टीचा दिवस प्रार्थनासभेत घालवतोस. वहिनी शेजारीच बसली होती. "हो, माझा लेक देवाचं काम करतो," म्हणाली. घरी आल्यावर मी तिचा डबा उघडला, तर शुगरच्या गोळ्या सुरीनं अर्ध्या केलेल्या. वर मलाच सांगते, "अर्धीनंही भागतं."

भागत नाही, बाळ. नर्सगिरीत आयुष्य गेलं माझं. आरोग्य केंद्रातल्या गोळ्यांनी तिची साखर आटोक्यात येईना, म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या लिहून दिल्यात. मी आणते म्हटलं तर घेत नाही. तिला नणंदेचे पैसे नकोत, लेकाचे हवेत. आणि तू दिवाळीनंतर घरी एक रुपया धाडलेला नाहीस.

नाताळात तू मला ऐकवलंस, टिळकांनी तरी कुठं संसार बघितला? खरंय, 1917 मध्ये मिशनचं काम सोडून रेव्हरंड टिळकांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारला. माणूस मोठाच. पण त्याच घराची हकिकत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त वाच. टिळकांच्या हाती पैसा टिकायचा नाही आणि चुलीची काळजी त्या बाईला. आपण ते हसत वाचतो, कारण तिनं हसत लिहिलंय. तुझ्या आईला लिहिता येत नाही. ती गोळी अर्धी करते.

शास्त्र तू माझ्यापेक्षा जास्त वाचतोस. मग तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय कसा निसटला? घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला पौल अविश्वासणाऱ्याहून वाईट म्हणतो. मार्काच्या सातव्या अध्यायात, आईबापांच्या वाट्याचं देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना प्रभूनं फटकारलंय. आणि वधस्तंभावर यातना सोसताना त्यानं आपल्या आईला योहानाच्या हवाली केलं. त्याहून मोठं कोणतं काम तुझ्या अंगावर पडलंय?

2007 च्या कायद्यानं आईबापांना मुलाविरुद्ध निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. वहिनीपाशी मी हे नुसतं बोलले, तर तिनं माझ्याशी अबोला धरला. अशी तुझी आई.

मी मिरजेला शिकत होते, तेव्हा तुझे आजोबा पत्रात एवढंच विचारायचे, "कधी येतेस?" मी रुग्णसेवेवर लांबलचक उत्तर लिहायची. परक्यांच्या बापांना मी हातानं भरवलं आणि माझ्या बापाला शेवटी भरवलं दादानं, तुझ्या वडिलांनी. त्या दादाच्या घरात अर्धी गोळी दिसली, की मला बसवत नाही.

फार बोलले. रात्री पडल्या पडल्या वेगळंच मनात आलं. पहिल्या पगारात आईसाठी मिक्सर आणणारा पोरगा तू, असा एकाएकी हात आखडणारा नव्हेस. शिरवळची कंपनी सोडून पुण्याला गेलास, तिथं पगार वेळेवर होतो ना? की नोकरीच गेली? चारचौघांत शब्द देऊन बसलास आणि आता मागे घेता येईना, असं तर नाही? तसं असेल तर पाळकांना सांग, नाहीतर मला सांग. घरच्यांपाशी लाज कसली? आणि जेवतोस तरी का वेळेवर?

शनिवारी ये. सारोळ्याला उतरलास की फोन कर, कुणाला तरी गाडी घेऊन पाठवते. भाड्याला पैसे नसतील तर तेही कळव. रिकाम्या हातानं आलास तरी चालेल. गोळ्या मी आणून ठेवते, तू आणल्यास म्हणून सांगू. त्या खोट्याचं पाप माझ्या माथी.

तुझी,
आत्या