आईचे कुटुंब निवृत्तिवेतन आणि त्यावरील आयकर

खेड्यातील शिक्षकाकडे गावकरी अनेक प्रकारचे कागद वाचून घेण्यासाठी येतात. बँकेची नोटीस असो, विम्याचे पत्र असो की तहसील कचेरीचा आदेश असो, गुरुजी तो वाचतात व अर्थ समजावून देतात. परंतु पुष्कळदा गुरुजींच्या स्वतःच्या घरातील एक कागद तसाच पेटीत पडून राहतो. वडील निवृत्त शिक्षक होते, ते निवर्तले, आणि आता आईच्या खात्यावर दरमहा काही रक्कम जमा होते. तीवर कर लागतो किंवा कसे, कापलेला कर योग्य आहे की जादा, हे कोणी पाहत नाही. 'पेन्शन येते ना, मग झाले' एवढ्यावर सर्वांचे समाधान असते. आईस स्वतःस हा हिशेब करता येत नसेल, तर तो करून देणे हे तिच्या शिकलेल्या मुलामुलींचेच काम आहे. त्यास लागणारे गणित इयत्ता सातवीच्या पलीकडचे नाही.

प्रथम एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण बहुतेक सर्व चुका त्यातूनच उद्भवतात. निवृत्त सेवकास त्याच्या स्वतःच्या सेवेबद्दल मिळते ते निवृत्तिवेतन. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीस मिळते ते कुटुंब निवृत्तिवेतन. बोलताना आपण दोहोंसही 'पेन्शन' म्हणतो; आयकराचा कायदा मात्र तसे मानीत नाही. वडील जिल्हा परिषदेचे सेवक होते, म्हणून त्यांचे निवृत्तिवेतन 'वेतन' या शीर्षाखाली येते. आईचे व जिल्हा परिषदेचे मालक-सेवकाचे नाते नव्हते. म्हणून तिला मिळणारी रक्कम वेतन ठरत नाही. ती 'इतर साधनांपासूनचे उत्पन्न' या शीर्षाखाली, म्हणजे ठेवीवरील व्याजाच्या पंक्तीस जाऊन बसते.

शीर्ष बदलले की वजावटही बदलते. स्वतःच्या निवृत्तिवेतनातून प्रमाणित वजावट मिळते. जुन्या करपद्धतीत ती ५०,००० रुपये आहे, व नव्या करपद्धतीत २०२४-२५ या आर्थिक वर्षापासून ७५,००० रुपये आहे. कुटुंब निवृत्तिवेतनास ही वजावट मुळीच नाही. त्यास निराळी वजावट आहे, ती अशी की, वर्षभरात मिळालेल्या रकमेचा एक-तृतीयांश भाग किंवा ठरावीक मर्यादा, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. ही मर्यादा जुन्या पद्धतीत १५,००० रुपये असून नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून २५,००० रुपये आहे. 'एक-तृतीयांश' हा शब्द वाचून पुष्कळांस वाटते की तिसरा हिस्सा करमुक्त झाला. तसे नाही. दरमहा ६,२५० रुपयांहून, म्हणजे वर्षास ७५,००० रुपयांहून अधिक रक्कम मिळत असेल, तर तिचा तृतीयांश २५,००० हून मोठाच होणार. म्हणून व्यवहारात वजावट २५,००० रुपयांचीच धरावयाची. महागाई वाढ ही रकमेचाच भाग आहे, तीही मिळवून बेरीज करावी.

दुसरा परिणाम मुळातून होणाऱ्या करकपातीसंबंधी आहे. वेतन देणाऱ्याने कर कापून घ्यावा असा नियम आहे. परंतु कुटुंब निवृत्तिवेतन वेतनच नसल्यामुळे तो नियम त्यास लागू होत नाही. आईस केवळ कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल आणि तरीही त्यातून कर कापलेला दिसला, तर तो कोणत्या नियमान्वये कापला हे बँकेस लेखी विचारावे. याची उलट बाजूही लक्षात असू द्यावी. कर कापला नाही, याचा अर्थ कर लागत नाही असा नव्हे. उत्पन्न करपात्र असेल तर विवरणपत्र भरताना तो स्वतः भरावा लागतो. साठ वर्षे पूर्ण झालेल्या व व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीस आगाऊ कर भरावा लागत नाही. आईचे वय त्याहून कमी असेल व वर्षाचा देय कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर मात्र आगाऊ कराचे हप्ते चुकवू नयेत.

आता एक साधे उदाहरण घेऊ. आईचे वय ६८. २०२५-२६ या वर्षी कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा २४,००० रुपये, म्हणजे वर्षाचे २,८८,०००. वडिलांच्या मृत्यूनंतर मिळालेली रक्कम मुदत ठेवीत ठेवली आहे, तिचे व्याज १,२०,०००. एकूण ४,०८,०००. त्यातून २५,००० वजा जाता ३,८३,००० राहिले. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी पहिल्या चार लाखांवर कर नाही. म्हणजे आईचा कर शून्य. तरीही बँकेने व्याजातून दहा टक्क्यांप्रमाणे १२,००० रुपये कापले. ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतील वर्षाचे व्याज एक लाखाच्या वर गेले की बँक कर कापते, आणि 'माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही' असे घोषणापत्र, जे १५-एच या नावाने परिचित आहे, ते आईने दिले नव्हते. येथे बँकेची चूक नाही. पण १२,००० रुपये आईचे आहेत, आणि विवरणपत्र भरल्यावाचून ते परत येत नाहीत. उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याने विवरणपत्राची सक्ती नाही, म्हणून ते भरले जात नाही, आणि पैसे तसेच राहतात. आईचा पॅन आधारशी जोडलेला नसेल तर ही कपात दहाऐवजी वीस टक्क्यांनी होते, तेही पाहून ठेवावे. ऐंशी वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीस या जोडणीतून सूट आहे.

याहून गुंतागुंतीचा प्रसंग शिक्षकांच्या घरीच अधिक येतो, तो म्हणजे आईही निवृत्त शिक्षिका असणे. तिला स्वतःचे निवृत्तिवेतन दरमहा ३५,००० व वडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा २२,००० मिळते असे समजा, व्याज वर्षाचे ९०,०००, वय सत्तर. पहिली रक्कम वर्षास ४,२०,०००, ती वेतन. तीतून ७५,००० वजा जाता ३,४५,०००. दुसरी २,६४,०००, तीतून २५,००० वजा जाता २,३९,०००. व्याज मिळवून एकूण ६,७४,०००. नव्या पद्धतीत चार लाखांवरील २,७४,००० रुपयांवर पाच टक्के म्हणजे १३,७०० रुपये कर येतो. परंतु २०२५-२६ साठी बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नास करातून पूर्ण सूट असल्याने तो शून्य होतो.

तेच उत्पन्न जुन्या पद्धतीने मोजून पाहा. ४,२०,००० मधून ५०,००० गेले, ३,७०,००० उरले. २,६४,००० मधून १५,००० गेले, २,४९,००० उरले. व्याजातून ज्येष्ठ नागरिकाची ५०,००० ची वजावट घेता ४०,००० उरले. बेरीज ६,५९,०००. ज्येष्ठांस तीन लाखांपर्यंत कर नाही. पुढील दोन लाखांवर पाच टक्के म्हणजे १०,०००, व उरलेल्या १,५९,००० वर वीस टक्के म्हणजे ३१,८००. एकूण ४१,८००, चार टक्के उपकर १,६७२ धरून ४३,४७२ रुपये. एका पद्धतीत शून्य, दुसरीत ४३,४७२! काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले म्हणून आईने बँकेत 'जुनी पद्धत' असे लिहून दिले असेल आणि तेच पुढे चालू राहिले असेल, तर एवढे पैसे दरवर्षी विनाकारण कापले जात असतील. बँकेस दिलेले ते पत्र बंधनकारक नसते. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या व्यक्तीस विवरणपत्र भरताना दरवर्षी पद्धत निवडता येते. जुनी पद्धत हवी असेल तर मात्र विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे.

अशा घरी बँकेचा फॉर्म १६ हाती घेऊन पहिली गोष्ट पाहावी ती ही, की वेतनाच्या रकान्यात किती आकडा लिहिला आहे. तो ४,२०,००० असावयास हवा. तेथे ६,८४,००० दिसला, तर दोन्ही रकमा एकत्र करून वेतन म्हणून दाखविल्या आहेत असे समजावे. मग आईस २५,००० ची वजावट मिळालेली नसते व कुटुंब निवृत्तिवेतनावरही कर कापला गेलेला असू शकतो. आईने स्वतःच्या निवृत्तिवेतनाच्या काही भागाचे अंशराशीकरण केले असेल, तर तो भाग वजा जाऊन जे हाती येते तेवढेच उत्पन्न धरावयाचे, हेही त्याच वेळी पाहावे.

वडिलांच्या मृत्यूचे वर्ष स्वतंत्रपणे तपासावे लागते. समजा, मृत्यू १४ सप्टेंबर २०२५ रोजी झाला. त्या दिवसापर्यंतचे निवृत्तिवेतन हे वडिलांचे उत्पन्न, त्यांच्याच पॅनवर; १५ सप्टेंबरपासूनचे कुटुंब निवृत्तिवेतन हे आईचे, तिच्या पॅनवर. कळविण्यास उशीर झाल्याने वडिलांच्या नावे जमा झालेली पुढील महिन्यांची रक्कम बँक वसूल करते. वसूल झालेली रक्कम कोणाचेच उत्पन्न नव्हे, ती वडिलांच्या फॉर्म १६ मध्ये राहिली असेल तर दुरुस्त करून घ्यावी. कधी कधी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते, पण नोंद वडिलांच्याच पॅनवर चालू राहते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावरील २६-एएस व वार्षिक माहिती विवरण हे दोन्ही उतारे, वडिलांचे व आईचे, शेजारी शेजारी ठेवून वाचले की हा दोष लगेच दिसतो. वडिलांचा कापलेला कर परत मिळावयाचा असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला व वारसाचा पुरावा देऊन संकेतस्थळावर नोंदणी करावी व त्यांचे विवरणपत्र भरावे.

उलट दिशेच्या चुकाही होतात, आणि त्यांची पत्रे आईच्या नावे येतात. कुटुंब निवृत्तिवेतन वेतनाच्या रकान्यात लिहून ७५,००० ची वजावट घेणे, ही एक. ते सर्वस्वी करमुक्त आहे असे समजणे, ही दुसरी. कर्तव्यावर असताना युद्धप्रसंगी मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांस तशी माफी आहे, शिक्षकांच्या कुटुंबीयांस नाही. शिक्षक पतसंस्थेतील ठेवीच्या व्याजातून कर कापला गेला नाही म्हणून ते सोडून देणे, ही तिसरी. सेवकाच्या मृत्यूनंतर मिळालेले उपदान मात्र करमुक्त आहे, कारण जिल्हा परिषद ही स्थानिक प्राधिकरण आहे. ते उत्पन्नात मिळवू नये. त्या रकमेच्या ठेवीवरील व्याज मिळवावे.

थकबाकीची रक्कम एकाच वर्षी हाती आल्याने कर वाढला असेल, तर ती ज्या ज्या वर्षांची आहे त्या त्या वर्षांत विभागून सवलत मागता येते, व ही सवलत कुटुंब निवृत्तिवेतनासही आहे. तिचा नमुना १०-ई हा विवरणपत्र भरण्याच्या आधी भरावा लागतो.

१९६१ चा आयकर कायदा ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नास लागू आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नास २०२५ चा कायदा लागू होतो. त्यात कलमांचे क्रमांक निराळे आहेत, परंतु वेतन व कुटुंब निवृत्तिवेतन यांतील भेद तोच आहे. म्हणून बँकेत बोलताना कलमाच्या किंवा नमुन्याच्या क्रमांकावर विसंबू नये. हवी ती गोष्ट नावाने सांगावी.

२०२५-२६ च्या विवरणपत्राची सर्वसाधारण मुदत ३१ जुलै २०२६ असून विलंब शुल्कासह ते ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत भरता येते. त्यानंतर भरावयाच्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. मागील वर्षांचा जादा कापलेला कर राहिला असेल, तर विलंब माफीचा अर्ज आयकर खात्याकडे करावा लागतो; तो संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत गेला पाहिजे. उदाहरणार्थ, २०२१-२२ या आर्थिक वर्षातील कपातीसाठी ही मुदत ३१ मार्च २०२८ रोजी संपते. अर्जासोबत बँकेचे त्या वर्षाचे पासबुक, निवृत्तिवेतन अदा करणाऱ्या कार्यालयाचे वर्षभराच्या रकमांचे पत्रक, आणि विलंब का झाला याचे आईच्या सहीचे साधे निवेदन जोडावे.