रोबो अडतो तेव्हा

सेकंड इयरला फ्लिप-फ्लॉप सगळ्यांनाच असतो. ट्रुथ टेबल पाठ, जर्नल पूर्ण, ओरलचं उत्तरही तयार. पण सर्किटला मेमरी लागते कशाला, हे मला खऱ्या अर्थाने पटलं ते एका जुन्या कॉम्प्युटर गेममुळे.

गेमचं नाव 'रोबॉट ओडिसी'. 'द लर्निंग कंपनी' या अमेरिकन कंपनीने तो १९८४ साली काढला. माइक वॉलेस आणि लेस्ली ग्रिम हे त्याचे कर्ते. 'रोबोट्रोपोलिस' नावाच्या शहराखालच्या गटारांत आपण अडकलेले असतो आणि रोबोंच्या मदतीने बाहेर पडायचं असतं. गंमत म्हणजे रोबोच्या पोटात शिरून त्याचं वायरिंग आपणच करायचं! सामान मोजकंच: भिंतीला टेकताच सिग्नल देणारे चार बंपर, चार थ्रस्टर, काही गेट्स आणि फ्लिप-फ्लॉप.

एक साधं काम घेऊ. रोबोने दोन भिंतींमध्ये येरझाऱ्या घालायच्या. डावा थ्रस्टर रोबोला उजवीकडे ढकलतो, उजवा डावीकडे. मग डावा बंपर डाव्या थ्रस्टरला आणि उजवा उजव्याला जोडला की झालं, असंच कुणालाही वाटेल. पण भिंतीला टेकवलेला रोबो जरासा सुटतो आणि तिथेच ढिम्म उभा राहतो!

इथे डोकं फिरतं. गेम काहीच सांगत नाही. मात्र करंट असलेली वायर वेगळ्या रंगात दिसते. ती बघत बसलं की उलगडतं: भिंत सुटली की बंपरचा सिग्नल जातो, सिग्नल गेला की थ्रस्टर बंद. आपण कुठल्या भिंतीवर आपटलो हे रोबोला आठवतच नाही. आता मध्ये फ्लिप-फ्लॉप टाका. डाव्या बंपरने सेट, उजव्याने रिसेट आणि दोन आउटपुट दोन थ्रस्टरना. रोबो येरझाऱ्या घालू लागतो. कॉम्बिनेशनल सर्किटला फक्त 'आत्ता' कळतं, सीक्वेन्शियलला 'मघाशी'सुद्धा!

यातून मी तीन सवयी उचलल्या:
१) वायर जोडण्याआधी काय होईल याचा अंदाज कागदावर लिहायचा.
२) एका वेळी एकच गोष्ट बदलायची.
३) सिग्नल नेमका कुठपर्यंत पोचतो ते शोधायचं. सगळं उपटून पुन्हा जोडायचं नाही.

प्रॅक्टिकलला आउटपुट आला नाही की आपण शेजारच्या बॅचचं रीडिंग उतरवतो. खरं तर शिकण्याची वेळ तीच असते, आणि नेमकी तीच आपण घालवतो.

गेममध्ये लूज कनेक्शन नसतं, हे मात्र खरं. म्हणून हाच प्रयोग ब्रेडबोर्डवर करून बघा. ७४०० आयसीमधले दोन नँड गेट एकमेकांना उलटसुलट जोडा, दोन लिमिट स्विच लावा आणि मोटरसाठी वेगळा ड्रायव्हर घ्या. इथे सेट-रिसेट शून्यावर चालतात, हे ध्यानात ठेवा. मोटर फिरली नाही तर वैतागा खुशाल, पण शेजाऱ्याकडे बघू नका. आधी मल्टिमीटर उचला!