खालची दिशा : मजुराची सुरक्षितता आणि धम्म

राजगृहात सिगाल नावाचा एक गृहपतिपुत्र रोज सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत असे. तथागतांनी त्याला या दिशांचा खरा अर्थ समजावून सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, वरची दिशा म्हणजे श्रमण आणि खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार. हा उपदेश दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात आला आहे. कष्टकरी माणूस हाही आदर करण्याची दिशा आहे, असे भगवंतांनी सांगितले, हे आपण लक्षात घेतले पाहिजे.

मालकाची पाच कर्तव्ये या सुत्तात सांगितली आहेत :
1) कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे.
2) अन्न व वेतन द्यावे.
3) आजारपणात काळजी घ्यावी.
4) चांगला पदार्थ वाटून खावा.
5) योग्य वेळी सुट्टी द्यावी.

कामगारानेही दिलेलेच घ्यावे व काम चोख करावे, असे पुढे म्हटले आहे. म्हणजे हे नाते दोन्ही बाजूंनी आहे.

ही पाच मापे आपण आपल्याच भागाला लावून पाहू. बोरी अरब व दारव्हा तालुक्यातील खेडी कापूस पिकवणारी आहेत. पूर्वी गुढीपाडव्याला सालगड्याचा करार होत असे. त्यात गुलामीचा मोठा अंश होता, परंतु वर्षाचे काम ठरलेले असे. आज सालदारी कमी झाली आहे. बायांचे निंदणाचे काम तणनाशकाने घटले आहे. वेचणी किलोवर आणि फवारणी पंपावर ठरते. मजूर मोकळा झाला खरा, पण रिकाम्या दिवसाचा, आजाराचा आणि अपघाताचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर आला. बदलत्या काळातील विषमता ती हीच होय.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी उंच वाढली होती, फवारा अंगावर येत होता आणि हातमोजे, मुखपट्टी बहुतेकांकडे नव्हती. विष हाताळणाऱ्यास संरक्षक साधने मिळावीत, असा नियम 1971 पासून आहे. तो शेताच्या धुऱ्यापर्यंत पोचलाच नाही.

अपघातानंतरही भेद राहतो. शेतकरी अपघात अनुदान योजनेचा लाभ खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला मिळतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या भूमिहीन मजुराला ते दार बंदच असते.

पूज्य बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. 1928 मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील आठवड्याचे काम 54 तासांवरून 48 तासांवर आणणारा कायदा झाला. मालकाच्या दयेवर न राहता कामगाराला कायद्याने हक्क मिळावा, ही त्यामागील दृष्टी होती.

म्हणून आम्ही समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना विनंती करतो :
1) 2021 मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीसाठी 16 ते 59 वयाच्या प्रत्येक असंघटित मजुराला मदत करावी. ही नोंदणी निःशुल्क आहे.
2) कामाचे दिवस, दर आणि मिळालेली रक्कम एका वहीत लिहून ठेवावी. शिकलेल्या मुलाने आईवडिलांची ही वही सांभाळावी.
3) साधने मिळाल्याशिवाय फवारणी करू नये, हे एकट्याने नव्हे, वस्तीने मिळून ठरवावे.
4) शहरात ठेकेदाराकडे लागणाऱ्या तरुणांनी नियुक्तीपत्र व भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्यावा.
5) आपल्यापैकी जे नोकरदार वा शेतमालक झाले, त्यांनी आपल्या घरी व शेतावर काम करणाऱ्यांशी हीच पाच कर्तव्ये पाळावीत.

शेवटचा मुद्दा कठीण आहे, परंतु तेथेच आपल्या धम्माची परीक्षा आहे. विहारात वंदना म्हणणारे हात मजुरी चुकवताना आखडले, तर खालची दिशा मोकळीच राहील. सम्यक आजीविका आपल्या कमाईपुरती नाही. आपल्यासाठी राबणाऱ्याची कमाईही सुरक्षित असली पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं !