विवाहविच्छेद आणि व्यवसायाची वाटणी

पतिपत्नींनी मिळून उभा केलेला व्यवसाय दागिन्यांसारखा तोलून वाटता येत नाही. यंत्रे, जागा, येणी, देणी, कामगार आणि ग्राहकांचा विश्वास या सर्वांच्या मेळातून तो चालत असतो. त्यातील एक भाग ओढून काढला की उरलेल्या भागाचेही मूल्य घटते. म्हणूनच विवाहविच्छेदाच्या प्रसंगी व्यवसायावर हक्क कोणाचा, त्याचे मूल्य किती आणि वाटणी कोणत्या रीतीने करावयाची, हे तीन प्रश्न क्रमाने सोडवावे लागतात. व्यवसायावरील बँकेच्या कर्जाचे काय, हा चौथा प्रश्न पुष्कळदा विसरला जातो आणि पुढे तोच अधिक त्रासदायक ठरतो.

हक्क कोणाचा?

विवाहानंतर मिळविलेली सर्व संपत्ती विच्छेदाच्या वेळी निम्मी-निम्मी वाटली जाते, असा एक समज आढळतो. भारतात असा सर्वसाधारण कायदा नाही. ज्याच्या नावावर मालमत्ता, तो तिचा मालक, हेच येथील मूळ तत्त्व होय. हिंदू विवाह कायदा, 1955 मधील कलम 27 विवाहाच्या सुमारास भेट मिळालेल्या व उभयतांच्या संयुक्त मालकीच्या वस्तूंपुरते मर्यादित आहे. स्त्रीधनावर पत्नीचा स्वतंत्र हक्क असतो.

व्यवसाय केवळ पतीच्या नावावर असेल, तर पत्नीला त्यात आपोआप हिस्सा मिळत नाही. तथापि कलम 25 अन्वये कायम निर्वाहरक्कम ठरविताना न्यायालय दोघांचे उत्पन्न व मालमत्ता विचारात घेते. निर्वाहरकमेच्या प्रकरणांत उभय पक्षांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी प्रतिज्ञापत्रावर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली एका निकालाद्वारे ठरवून दिले आहे. म्हणजे हिस्सा मिळो वा न मिळो, व्यवसायाचे मूल्य या ना त्या वाटेने पुढे येतेच. पत्नीने स्वतःचे पैसे व्यवसायात घातले असतील, तर त्यांची बँकेतील नोंद हा तिचा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो.

गोव्यातील स्थिती वेगळी आहे. तेथे 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतील कौटुंबिक तरतुदी आजही लागू आहेत. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची संपत्ती समाईक मानली जाते आणि विच्छेदानंतर प्रत्येकाला निम्मा वाटा मिळू शकतो. तेथील स्थावर मालमत्ता तारण घेताना बँका दोघांच्याही सह्या घेतात, त्याचे कारण हेच.

दोघे भागीदार असतील, तर हिस्सा विवाहामुळे नव्हे, तर भागीदारीपत्रामुळे ठरतो. तेथे भारतीय भागीदारी कायदा, 1932 लागू होतो. भागीदारीपत्रात अन्यथा लिहिलेले नसेल, तर नफ्यातील वाटा समान समजला जातो.

मूल्य किती?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. इंदूर शहरात पतिपत्नींचा छापखाना आहे. दोघे समान भागीदार असून दोघांचे भांडवलही सारखेच आहे. ताळेबंदात यंत्रे 18 लाख, गाळा 10 लाख, कागद-शाईचा साठा 6 लाख, ग्राहकांकडील येणी 14 लाख आणि शिल्लक रोकड 1 लाख, अशी एकूण 49 लाख रुपयांची मालमत्ता दिसते. देण्यांमध्ये कॅश क्रेडिट 15 लाख, मुदत कर्ज 8 लाख आणि पुरवठादारांचे 7 लाख, असे 30 लाख रुपये आहेत. निव्वळ पुस्तकी मूल्य 19 लाख, म्हणजे प्रत्येकी साडेनऊ लाख रुपये झाले.

परंतु ताळेबंद मालमत्तेची खरेदी किंमत घसारा वजा करून दाखवितो, आजची किंमत नव्हे. मूल्यांककाने तपासले असता यंत्रांना 27 लाख आणि गाळ्याला 40 लाख रुपये येतील असे दिसले. उलट साठ्यातील एक लाखाचा कागद निरुपयोगी ठरला आणि दोन लाखांची येणी बुडीत निघाली. त्यामुळे साठा 5 लाख, येणी 12 लाख, रोकड 1 लाख, असे धरून एकूण मालमत्ता 85 लाख रुपये झाली. देणी वजा जाता निव्वळ मूल्य 55 लाख, म्हणजे प्रत्येकी साडेसत्तावीस लाख रुपये.

एवढ्यावरही हिशेब संपत नाही. चालत्या छापखान्याला ख्याती असते. व्यापारी तिलाच गुडविल म्हणतात. समजा, गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा 19 लाख आहे. या नफ्यात दोघांच्या श्रमाचा मोबदलाही मिसळलेला आहे. तेवढ्या कामासाठी पगारी माणसे नेमली असती तर 10 लाख रुपये द्यावे लागले असते. ते वजा करता 9 लाख उरतात. 55 लाखांच्या भांडवलावर 12 टक्के परतावा साधारण मानला, तर तो 6 लाख 60 हजार होतो. त्याहून अधिक मिळणारे 2 लाख 40 हजार हा जादा नफा. तो पुढे तीन वर्षे टिकेल असे धरल्यास ख्यातीचे मूल्य 7 लाख 20 हजार रुपये येते. एकूण मूल्य 62 लाख 20 हजार, म्हणजे प्रत्येकी 31 लाख 10 हजार रुपये.

छापखाना तोच, तारीख तीच. तरी एकाचा वाटा साडेनऊ लाखांपासून 31 लाखांपर्यंत जातो. कोणीही खोटे आकडे दिलेले नाहीत, केवळ मोजण्याची रीत बदलली आहे. म्हणून आकड्यांवर वाद घालण्यापूर्वी मूल्यांकनाची तारीख, पद्धत आणि मूल्यांकक या तीन बाबी दोघांनी लेखी ठरवून घेणे श्रेयस्कर. विभक्त राहू लागल्याची तारीख आणि तडजोडीची तारीख यांत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते आणि तेवढ्या काळात धंद्याचे चित्र पालटते.

ख्यातीबाबत आणखी एक विचार आवश्यक आहे. ग्राहक छापखान्याच्या नावामुळे येतात की दोघांपैकी एकाच्या ओळखीमुळे? बाहेर पडणारी व्यक्ती शेजारीच नवा छापखाना काढणार असेल, तर मागे राहणाऱ्याने ख्यातीची पूर्ण किंमत का मोजावी? 1932 च्या कायद्यातील कलम 36 नुसार निवृत्त भागीदाराला स्पर्धक व्यवसाय करता येतो. मात्र ठरावीक मुदत वा क्षेत्रापुरता तो न करण्याचा वाजवी करार करता येतो. ख्यातीची किंमत आणि हा करार यांचा निर्णय एकत्रच व्हावा.

वाटणी कशी?

पहिला मार्ग म्हणजे व्यवसाय बंद करून विक्री करणे. कलम 48 नुसार प्रथम बाहेरची देणी, नंतर भागीदारांनी दिलेली कर्जे, त्यानंतर भांडवल आणि उरल्यास नफ्याच्या प्रमाणात वाटप, असा क्रम आहे. या मार्गात ख्याती बहुधा शून्य होते, घाईच्या विक्रीत यंत्रांना कमी किंमत येते आणि कामगारांचा रोजगार जातो.

दुसरा मार्ग म्हणजे एकाने दुसऱ्याचा वाटा विकत घेणे. आपल्या उदाहरणात पती छापखाना चालविणार असेल, तर त्याने पत्नीला 31 लाख 10 हजार रुपये द्यावयाचे आहेत. ही रक्कम कॅश क्रेडिटमधून उचलण्याचा मोह टाळावा. ती सवलत साठा व येणी यांवर, खेळत्या भांडवलासाठी दिलेली असते. तिचा असा वापर केल्यास महिनाभरात कागद घेण्यास पैसा उरणार नाही. पाच वर्षांचे हप्ते केल्यास व्याज सोडून दरवर्षी 6 लाख 22 हजार लागतील. नऊ लाखांच्या नफ्यातून कर आणि चालू मुदत कर्जाचा हप्ताही भागवावयाचा असल्याने हे ओझे जड आहे. आठ वर्षांत तीच रक्कम दरवर्षी सुमारे 3 लाख 89 हजारांवर येते. मुदत लांबल्यास पत्नीला रास्त व्याज व पुरेसे तारण मिळाले पाहिजे. हिशेब न मिटविताच एकाने धंदा चालू ठेवला, तर कलम 37 नुसार बाहेर पडलेल्या भागीदाराला आपल्या वाट्यामुळे मिळालेला नफा किंवा वार्षिक 6 टक्के व्याज मागता येते.

बँकेचे कर्ज

‘यापुढे कर्जाची जबाबदारी पतीची’ असे तडजोडीत लिहिले म्हणजे पत्नी मोकळी झाली, हा समज चुकीचा आहे. तडजोड ही त्या दोघांमधील असते. बँक तिच्यात पक्ष नसते. दोघे भागीदार असतानाच्या 23 लाखांच्या कर्जाला दोघेही संयुक्तपणे व वैयक्तिकपणे जबाबदार राहतात. कलम 32 नुसार बँकेची संमती असेल तरच निवृत्त भागीदाराची त्या देण्यातून सुटका होते. शिवाय निवृत्तीची जाहीर सूचना दिली नाही, तर नंतरच्या व्यवहारांची जबाबदारीही अंगावर येऊ शकते. दोघांचीच भागीदारी असेल, तर एकाच्या जाण्याने भागीदारीच संपते आणि राहणाऱ्याला एकल मालक म्हणून नव्याने कर्जमंजुरी घ्यावी लागते.

अशी सूचना मिळताच बँक जुने कॅश क्रेडिट खाते थांबवून नवे खाते उघडण्यास सांगते. त्यात अविश्वास नसतो. 1816 च्या क्लेटन प्रकरणातील नियमानुसार चालू खात्यात नंतर जमा होणारी रक्कम सर्वांत जुन्या नावे रकमेला प्रथम लागते. खाते तसेच चालू ठेवल्यास जुने, दोघांचे कर्ज फिटत जाते आणि नवे कर्ज एकट्याच्या नावे उभे राहते. जुन्या कर्जावरील हक्क सुरक्षित राखण्यासाठी बँकेला खाते थांबवावे लागते. ग्राहकाने आधी कळविले, तर नव्या खात्याची व्यवस्था वेळेत होऊन कामगारांचे पगार आणि पुरवठादारांचे धनादेश अडत नाहीत.

परस्पर संमतीच्या विच्छेदात अर्ज आणि अंतिम हुकूम यांमध्ये सामान्यतः किमान सहा महिन्यांचा अवधी असतो. या अवधीत मूल्यांकन पूर्ण करावे, वकील व चार्टर्ड अकाउंटंट यांच्या सल्ल्याने तडजोडीचा मसुदा करावा आणि सही करण्यापूर्वी तो शाखेत दाखवावा. बाहेर पडणाऱ्याने कर्ज व जामीन यांतून मुक्त केल्याचे पत्र बँकेकडून लेखी मिळवावे. ते पत्र हाती येईपर्यंत आपली सुटका झाली असे समजू नये.