घामोळ्यांना पावडर नको

प्रश्न : आम्ही अकोल्याला राहतो. माझ्या चार महिन्यांच्या मुलीच्या मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ उठलंय. सासूबाई म्हणतात, पावडर लाव आणि अधूनमधून पाणी पाज. काय करू?

उत्तर : वर्णनावरून ही घामोळी दिसतात. बाळाच्या घामाच्या नलिका अपरिपक्व असतात; त्या बुजल्या की घाम त्वचेखालीच अडकतो. पावडर घामात भिजून वळ्यांमध्ये साचते, शिवाय तिचा भुरका श्वासावाटे फुप्फुसात जातो. त्यामुळे पावडर नकोच. घामोळी असेपर्यंत दाट तेलाची मालीशही थांबवा. साध्या पाण्याने अंघोळ घाला, मानेच्या, काखेच्या, जांघेच्या वळ्या टिपून कोरड्या करा आणि सैल, सुती झबलं घाला. घरी असताना डायपरऐवजी लंगोट बरा. दुपटं, टोपडं, मोजे यांची वैशाखात गरज नाही. कूलर जरूर लावा, फक्त झोत थेट अंगावर नको आणि खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीत दमटपणा वाढतो.

पाण्याबाबतही सासूबाईंचं ऐकू नका. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, उन्हाळ्यातही. दूध जास्त वेळा पाजा आणि तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या. दिवसातून सहा-सात वेळा शू होत असेल तर काळजी नाही.

पुरळात पू झाला, बाळ मलूल पडलं, दूध ओढेना किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.