मुलांचीं कांहीं विरळ नांवें व त्यांचें मर्म

नांव म्हणजे केवळ हांक मारण्याची सोय, असें पुष्कळांस वाटतें. तथापि जें नांव ऐकून आपण हसतों, त्यांतच पुष्कळदां एका घराचा इतिहास सांठविलेला असतो. वर्गांत पूर्ण नांव पुकारलें जावें आणि त्यांत बापाचें किंवा आजाचें नांव केरू, धोंडू वा भिकाजी यावें, कीं लागलीच खसखस पिकते. म्हणून आमच्या या किनाऱ्यावरील अशा कांहीं नांवांचा अर्थ येथें सांगण्याचें योजिलें आहे.

पहिला वर्ग दृष्ट टाळण्यासाठीं ठेवलेल्या नांवांचा. देवी, ताप, धनुर्वात यांनीं ज्या घरचीं मुलें एकामागून एक दगावत, तेथें पुढील मुलास मुद्दाम हलकें नांव देत; हेतु हा कीं, मृत्यूनें त्यास तुच्छ लेखून पुढें जावें. केर म्हणजे झाडून टाकलेला कचरा. त्यावरून केरू, केरबा. भिकू, भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. नाक टोंचून मुलीसारखा वाढविला तो नथू. दगडू व धोंडू हे दगडाप्रमाणें टिकावे, अशी आशा. अधिक मासास धोंड्याचा महिना म्हणतात, त्यांत जन्मलेलाही कधीं धोंडू होई. नांव हलकें म्हणून माणूस हलका ठरत नाहीं. कोंकणांतील महर्षि धोंडो केशव कर्वे १८५८ सालीं जन्मले. त्यांनीं १९१६ सालीं महिला विद्यापीठ स्थापिलें, १९५८ सालीं ते भारतरत्न झाले, व १०४ वर्षें जगले.

दुसरा वर्ग नवसाच्या नांवांचा. नवसू, नवसाजी हीं त्यांपैकीं होत. पवित्र शास्त्रांतील हन्नेनें अश्रु ढाळीत पुत्रासाठीं नवस केला, व देवाजवळ मागून घेतला म्हणून त्याचें नांव शमुवेल ठेविलें. अर्थानें पाहतां तो आमचा नवसाजीच होय!

हाच शमुवेल आमच्या किनाऱ्यावर मराठी वेषांत वावरला आहे. आपल्या पूर्वजांचें गलबत नवगांवाजवळ फुटलें, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. ते येथें राहून मराठी बोलूं लागले. किहीमचे ते किहीमकर झाले, शमुवेलाचा सामाजी व यहेज्केलाचा हसाजी झाला. १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें सभास्थान उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हेच सामाजी हसाजी. वेष पालटला, तरी पूर्वजांची आठवण सुटली नाहीं.

राहेलीनें मरतेसमयीं आपल्या बाळास बेनओनी, म्हणजे माझ्या दुःखाचा पुत्र, असें म्हटलें. याकोबानें त्यास बन्यामीन, म्हणजे उजव्या हाताचा पुत्र, असें नांव दिलें. आईचें दुःख व बापाची आशा, हीं दोन्ही एकाच पाळण्यापाशीं उभीं असतात. केरू, धोंडू या नांवांमागेंही तींच आहेत.

नांवानें मृत्यु फसत नाहीं, हें खरें. देवीचा रोग लस टोंचल्यानें हटला, व १९८० सालीं तो जगांतून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें. भय सरलें, तशीं तीं नांवेंही विरळ झालीं. विद्यार्थ्यांनो, हसण्यापूर्वीं त्या नांवामागील रिकाम्या पाळण्यांचें स्मरण ठेवा. आणि पालकांनो, आजोबांच्या नांवाची हकीकत मुलांस अवश्य सांगा. ती ऐकलेला मुलगा हजेरीच्या वेळीं मान खालीं घालणार नाहीं.