राईस मिलमध्ये रसायनशास्त्राचे चार क्रेडिट

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे, मुख्य विषय रसायनशास्त्र. तिसऱ्या वर्षी शेवटच्या सेमिस्टरला चार क्रेडिटसाठी बाहेर कुठेतरी काम करावे लागेल, असे सर सांगतात. आमच्या भागात कुठे मोठी लॅब नाही आणि पुण्या-मुंबईला राहायचा खर्च घरच्यांना झेपणारा नाही. बाबा म्हणतात, आपल्या ओळखीची राईस मिल आहे, तिथे जा. राईस मिलमध्ये बी.एस्सी.ची इंटर्नशिप होते का? मैत्रिणी म्हणतात, नुसते सर्टिफिकेट आणून दिले की झाले. खरे काय?
– एक विद्यार्थिनी, ता. आमगाव

उत्तर : होते, आणि नीट केली तर उत्तम होते. तुमच्या बाबांनी सुचवलेली जागा रसायनशास्त्रासाठी गोंदिया जिल्ह्यातल्या सर्वात चांगल्या जागांपैकी एक आहे, असे माझे मत आहे. मैत्रिणींचे मात्र ऐकू नका.

आधी नियम. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्र शासनाने पदवीचा जो आराखडा ठरवला, त्यात सहाव्या सेमिस्टरला मुख्य विषयाशी संबंधित 'ऑन जॉब ट्रेनिंग'ला चार क्रेडिट दिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या हिशेबाने इंटर्नशिपचे एक क्रेडिट म्हणजे किमान 30 तास. चार क्रेडिटचे 120 तास होतात. रोज सहा तास गेलात तर वीस दिवस. कॉलेज सांभाळून आठवड्याला आठ तास दिलेत तर पंधरा आठवडे. संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा 2024-25 पासून लागू झाला. म्हणजे 2024 साली पहिल्या वर्षाला बसलेली मुले 2027 च्या सुरुवातीला सहाव्या सेमिस्टरला पोहोचतात. गोंदियातली कॉलेजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी जोडलेली आहेत; तेव्हा तासांची वाटणी आणि गुणांची पद्धत विद्यापीठाच्या तुमच्या विषयाच्या अभ्यासक्रमातच पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

'मुख्य विषयाशी संबंधित' हे तीन शब्द महत्त्वाचे. मिलच्या ऑफिसात बसून पावत्या लिहिल्या तर ते काम प्रामाणिक असेल, पण रसायनशास्त्राचे होणार नाही. म्हणून मिलमध्ये पाऊल टाकण्याआधी तुमच्याकडे एक प्रश्न हवा, ज्याचे उत्तर मोजून काढावे लागते. असे प्रश्न तिथे भरपूर आहेत.

धान मिलच्या दारात आले की पहिली गोष्ट तपासतात ती ओलावा. सरकारी खरेदीत 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. भरडाईसाठी तो 13-14 टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. दाणा जास्त ओला असेल तर पॉलिशमध्ये चुरतो, फार वाळला असेल तर त्याला बारीक तडे जातात आणि कणी वाढते. हा ओलावा हातात मावणाऱ्या मीटरवर काही सेकंदांत कळतो. पण मीटर विजेच्या गुणधर्मावरून अंदाज बांधतो, पाणी मोजत नाही. खरे पाणी मोजायचे तर धान दळून, वजन करून, ओव्हनमध्ये 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे आणि वजनातली घट काढायची. एकाच पोत्यातले नमुने दोन्ही पद्धतींनी तपासा, निरनिराळ्या वाणांचे तपासा, सकाळचे आणि दुपारचे तपासा. मीटर किती आणि कुठल्या बाजूला चुकतो, याचा तक्ता तयार होईल. मीटरच्या आकड्यावर शेतकऱ्याचा माल घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरते, म्हणून हा तक्ता मिलवाल्याला आणि शेतकऱ्याला सारखाच उपयोगी आहे.

दुसरा प्रश्न मला त्याहून आवडतो. तो कोंड्याचा आहे. तांदूळ पॉलिश करताना दाण्यावरचा तपकिरी थर निघतो, त्यात साधारण 15 ते 20 टक्के तेल असते. राइस ब्रॅन ऑइल ते हेच. दाणा अखंड असतो तोवर त्यातले तेल आणि लायपेज नावाचे विकर एकमेकांपासून दूर असतात. पॉलिशच्या घर्षणात दोघे एकत्र येतात आणि विकर तेल फोडून मुक्त मेदाम्ले तयार करू लागते. कोंडा जितका पडून राहील तितके तेल आंबते, आणि तेलाच्या कारखान्यात त्याचा भाव पडतो. हे सगळे तुम्ही पहिल्या वर्षी शिकलेल्या टायट्रेशनने मोजता येते. ताजा कोंडा घ्या. त्याच ढिगातला नमुना सहा तासांनी, एका दिवसाने, दोन दिवसांनी, पाच दिवसांनी घ्या. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांच्या देखरेखीखाली तेल काढा, उदासीन केलेल्या अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका आणि ब्युरेटमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड सोडत गुलाबी रंग टिकेपर्यंत थांबा. दिवसागणिक जास्त अल्कली लागत जाईल. मग तोच प्रयोग उसना तांदळाच्या कोंड्यावर करा. उसना करताना धान गरम पाण्यात भिजवून वाफवतात; त्या वाफेने लायपेज निष्प्रभ होते, म्हणून त्या कोंड्यातले तेल बरेच सावकाश बिघडते. अरवा (म्हणजे न वाफवलेला) आणि उसना, दोन रेषा एकाच आलेखावर काढा. तोंडी परीक्षेत परीक्षक त्या आलेखावरून उठणार नाहीत.

तेल काढायला लागणारे हेक्झेनसारखे द्रावक भुर्रकन पेट घेते. ते काम मिलच्या आवारात कधीही करायचे नाही, बॉयलर आणि उडणारी धूळ असते तिथे तर मुळीच नाही. मिलमध्ये नमुना घ्यायचा, वेळ आणि तापमान लिहायचे, बंद डब्यात घालून कॉलेजला आणायचा. तोंडावर मास्क, ओढणी-वेणी आवळून बांधलेली, पायात बंद बूट. पट्ट्यांवर फिरणाऱ्या यंत्रांपाशी ओढणी जीवघेणी ठरू शकते, हे आईबाबांनाही सांगून ठेवा.

याशिवाय तूस आहे. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तुसाचा असतो, आणि ते बॉयलरमध्ये जळाल्यावर उरणाऱ्या राखेत मुख्यतः सिलिका असते. उसना मिलचे भिजवणीचे पाणीही आहे, पिवळट आणि वास येणारे. त्याचा पीएच आणि सीओडी काढता येतो. या पाण्याच्या प्रश्नाला मात्र मालक कचरतील. त्यांच्याशी आधीच मोकळेपणी बोला : अहवालात मिलचे नाव घालायचे की नाही, कोणते आकडे बाहेर जातील. शब्द दिला असेल तर तो पाळा.

सर्टिफिकेटबद्दल. पैसे भरा आणि घरबसल्या प्रमाणपत्र घ्या, अशी जाहिरात मोबाइलवर आली की ती पुसून टाका. इंटर्नशिपचे क्रेडिट पुढे तुमच्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यावर जमा होतात. खोट्या कामावर उभे क्रेडिट आयुष्यभर आपल्या नावावर राहणे मला भयंकर वाटते. त्याऐवजी एक साधी वही ठेवा. रोजची तारीख, किती वाजता आलात, किती वाजता गेलात, काय मोजले, काय बिघडले. मिलमधल्या सुपरवायझरची सही आणि कॉलेजमधल्या मार्गदर्शकांची सही. शेवटचा अहवाल त्या वहीतूनच निघतो. बिघडलेले प्रयोगही त्यात लिहा, परीक्षकांना तेच खरे वाटतात.

शिकता शिकता बाहेर काम करण्याची ही पद्धत नवी आहे असे समजू नका. 1906 मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या मुलांना आळीपाळीने वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. आपल्याकडे पिलानीच्या बिट्समध्ये 'प्रॅक्टिस स्कूल' 1970 च्या दशकात सुरू झाले. आणि परदेश कशाला, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे कृषिदूत आणि कृषिकन्या तुमच्या गावात येऊन बीजप्रक्रिया दाखवून गेल्याचे तुम्ही पाहिले असेल. तेही अभ्यासक्रमाचाच भाग म्हणून येतात. विज्ञान शाखेला ही संधी फार उशिरा मिळाली, एवढेच.

राईस मिल जमली नाहीच, तर पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेचा विचार करा. नमुना येतो, त्याचा कडकपणा ईडीटीएने काढतात, वाइनसारखा लाल रंग निळा होतो. तुमच्या प्रॅक्टिकलमधला हाच प्रयोग तिथे एका गावाच्या विहिरीचा निर्णय करतो. फ्लोराइड 1.5 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर गेले, तर दुसरा स्रोत नसला तरी ते पाणी पिण्यायोग्य धरत नाहीत. तिरोड्याच्या 3300 मेगावॉटच्या औष्णिक केंद्रात कोळशाचे आणि बॉयलरच्या पाण्याचे रसायनशास्त्र मोठ्या प्रमाणावर चालते, पण तशा ठिकाणी आत जाणे सोपे नसते. अर्ज जरूर करा, भिस्त मात्र ठेवू नका.

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला सारस पक्ष्यावर काम करायचे आहे. तिच्या चार क्रेडिटच्या ट्रेनिंगमध्ये ते बसेल का?
– एक पालक, ता. गोंदिया

उत्तर : तिचे वेळापत्रक सारसाशी जुळते, ही भाग्याची गोष्ट आहे. पदव्युत्तरच्या आराखड्यात दुसऱ्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे चार क्रेडिट आहेत, आणि त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीचा वापर करता येतो. गोंदियात सारसांची गणना साधारण जूनमध्ये होते. वन विभागासोबत 'सेवा' ही गोंदियाची संस्था आणि गावोगावचे सारसमित्र त्यात असतात. महाराष्ट्रात सारस आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडे शेजारच्या भंडाऱ्यात दिसतात. त्यांची संख्या इतकी कमी आहे की एका घरट्याचे नुकसानही मोठे ठरते. म्हणून मुलीने स्वतंत्रपणे घरटी शोधत फिरू नये. वन विभागाची परवानगी आणि संस्थेची माणसे सोबत हवीत. पहाटे धानाच्या बांधावर उभे राहून पक्षी मोजणे, घरट्याभोवतीच्या शेतकऱ्याशी बोलणे, विजेच्या तारा कुठून जातात ते नकाशावर टिपणे, हे सगळे प्राणिशास्त्रच आहे.

पदवीच्या सहाव्या सेमिस्टरच्या मुलांना हा काळ सापडत नाही, कारण त्यांचे काम हिवाळ्या-उन्हाळ्यात होते. त्यांनी नवेगावबांधच्या तलावावर येणारे हिवाळी पाहुणे पक्षी घ्यावेत, किंवा मालगुजारी तलावांकडे वळावे. तलावातली देशी पाणवनस्पती गेली की मासेही जातात, हे धिवर समाजाच्या मच्छीमारांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांच्याकडून माशांची स्थानिक नावे लिहून घेऊन शास्त्रीय नावांशी जुळवणे हेच एका विद्यार्थ्याच्या 120 तासांना पुरून उरेल.

प्रश्न : इंटर्नशिपला सरकारकडून दरमहा पैसे मिळतात असे ऐकले. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला मिळतील का?
– एक विद्यार्थी, ता. देवरी

उत्तर : तुम्ही बहुधा दोन योजनांबद्दल ऐकले आहे : केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आणि राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. दोन्ही 2024 मध्ये सुरू झाल्या, आणि दोन्ही नियमित शिक्षण घेत असलेल्यांसाठी नव्हत्या. पदवीच्या क्रेडिटसाठीची इंटर्नशिप वेगळी. तिथे विद्यावेतन द्यायचे की नाही हे त्या त्या आस्थापनेवर असते. निदान येण्याजाण्याचे भाडे मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट कोणी तुमच्याकडेच पैसे मागितले तर तिथून निघा आणि कॉलेजला कळवा.

तिघांनाही एक सांगतो. धानाची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून सुरू होते आणि भरडाईचा हंगाम त्यानंतर महिनोन्‌महिने चालतो. सहावे सेमिस्टर त्यातच येते. तेव्हा दिवाळीच्या आधी विभागप्रमुखांना भेटा, प्राचार्यांच्या सहीचे पत्र घ्या आणि मालकांना समक्ष भेटून तुमचा प्रश्न एका कागदावर लिहून द्या. आणि गोंदिया, आमगाव, तिरोडा भागातल्या राईस मिल मालकांना माझी विनंती आहे : पत्र घेऊन आलेल्या मुलामुलीला दारातून परत पाठवू नका. नमुने घेऊ द्या, बसायला एक टेबल द्या आणि त्याच्या वहीवर रोज सही करा.